पिकअप गाडीच्या इंजिनास विजेचा पंखा

शेतमालाची वाहतूक करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी अभ्यासपाठ

पीक उत्तम यावे म्हणून शेतकरी तीन-चार महिने कष्ट करतो. बी, खत, पाणी व औषधे यांवर खर्च करतो. परंतु काढलेला माल वेळेवर बाजारात पोहोचला नाही, तर त्या कष्टांचे मोल एका रात्रीत निम्म्यावर येते. मेथी, कोथिंबीर, पालक यांसारख्या पालेभाज्यांच्या बाबतीत हे विशेषेकरून खरे आहे. जुडी काढल्यानंतरही पाल्याचे श्वसन चालू राहते व ढिगाच्या पोटात उष्णता साठत जाते. गाडी चालत असेल तोवर वारा लागून ती उष्णता थोडीफार निघून जाते. गाडी उभी राहिली की जुड्या आतून तापतात, पाने पिवळी पडतात व पहाटेच्या लिलावातील भाव हातचा जातो. म्हणून शेतमाल वाहणाऱ्या गाडीचे इंजिन थंड राखणे हा विषय केवळ मिस्त्रीचा नसून शेतीच्या नफ्यातोट्याचा आहे.

मुंबईचा भाजीपाल्याचा व फळांचा घाऊक बाजार १९९६ साली शहरातून हलवून नवी मुंबईतील तुर्भे-वाशी भागात मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात आणण्यात आला. तेव्हापासून जुन्नर तालुक्यातील ओतूरकडचा माल घेऊन निघालेली गाडी माळशेज घाट उतरते, मुरबाडवरून कल्याणला येते, तेथून शिळफाटा गाठते व पारसिकच्या डोंगररांगेचा चढ ओलांडून महापे येथे ठाणे-बेलापूर पट्ट्यात उतरते. पुढे तुर्भे जवळच आहे. परंतु शिळफाटा ते महापे हा मार्ग औद्योगिक वसाहतीच्या मालमोटारींनी सदैव गजबजलेला असतो. वाहतूक खोळंबली म्हणजे गाडी पावलापावलाने पुढे सरकते, आणि शंभराहून अधिक किलोमीटर सुरळीत आलेल्या गाडीच्या तापमापकाचा काटा नेमका येथेच वर चढू लागतो.

अशा वेळी बऱ्याच वाहनधारकांना एकच सल्ला मिळतो: "पट्ट्यावरचा पंखा काढून टाका आणि मोटारीसारखा विजेचा पंखा बसवा." हा सल्ला काही गाड्यांच्या बाबतीत योग्य, काहींच्या बाबतीत निरुपयोगी व काहींच्या बाबतीत घातक ठरतो. तो केव्हा मानावा व केव्हा मानू नये, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

इंजिन का तापते?

डिझेल जाळून जी उष्णता निर्माण होते, तिचा एक भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. दुसरा मोठा भाग धुराबरोबर बाहेर पडतो. उरलेली उष्णता, म्हणजे सुमारे पाव ते एक तृतीयांश, इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला काढून न्यावी लागते. विहिरीवरील डिझेल इंजिनाचे उदाहरण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. तेथे पंपाने उपसलेल्या पाण्यापैकी थोडे पाणी इंजिनातून फिरवून पाटात सोडून देता येते, कारण विहीर जवळच असते. गाडीला विहीर बरोबर नेता येत नाही. म्हणून तेच पाच-दहा लिटर पाणी पुन्हापुन्हा वापरावे लागते व प्रत्येक फेरीत रेडिएटरमध्ये वाऱ्याने थंड करून घ्यावे लागते.

हा वारा दोन मार्गांनी मिळतो. गाडी वेगाने धावत असेल तर समोरून येणारा वारा बहुतेक काम करतो. गाडी उभी असेल किंवा हळू चालत असेल तर पंख्यालाच वारा ओढावा लागतो. उफणणी करणाऱ्यास हा भेद सहज समजेल. वारा सुटलेला असला तर टोपलीतील धान्य नुसते सोडावे, भूस आपोआप उडून जाते. वारा पडला म्हणजे सूप हलवावे लागते किंवा पंखा लावावा लागतो. महापे मार्गावरील खोळंबा म्हणजे वारा पडलेले खळे होय.

ऋतूचाही परिणाम मोठा असतो. इंजिनातील पाणी ९५° से. व बाहेरची हवा २०° से. असेल तर दोहोंत ७५ अंशांचे अंतर असते. चैत्र-वैशाखात हवा ४०° से. झाली की हेच अंतर ५५ अंशांवर येते. रेडिएटरची उष्णता टाकण्याची शक्ती साधारणपणे या अंतराच्या प्रमाणात असते. म्हणजे गाडी तीच, रेडिएटर तोच, पंखाही तोच असताना उन्हाळ्यात त्यांची शक्ती पाव हिश्श्याहून अधिक घटते. हिवाळ्यात निभावून गेलेला दोष उन्हाळ्यात उघडा पडतो तो यामुळेच.

दोन प्रकारच्या पंख्यांतील भेद

महिंद्र बोलेरो किंवा टाटा योद्धा यांसारख्या पिकअप गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसविलेले असते व त्याचे तोंड रेडिएटरकडे असते. अशा रचनेत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरविणे सोयीचे पडते. पुष्कळ गाड्यांत पंखा व पुली यांच्यामध्ये सिलिकॉन तेल भरलेला क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की हा क्लच पंख्याला घट्ट धरतो. हवा थंड असली की तो पंख्याला सैल सोडतो. याउलट छोट्या मोटारींत इंजिन आडवे बसविलेले असल्यामुळे त्याची पुली रेडिएटरसमोर येत नाही व तेथे विजेचा पंखाच लावावा लागतो. मोटारीला विजेचा पंखा असतो म्हणून तोच श्रेष्ठ, हा समज यास्तव बरोबर नाही. तेथे तो जागेच्या अडचणीमुळे आलेला आहे.

पट्ट्यावरील पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगावर अवलंबून असतो. गाडी खोळंब्यात उभी असता इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. तेव्हा पंखाही मंद फिरतो आणि नेमकी वाऱ्याची गरज असते तेव्हा तो थोडा देतो. हा त्याचा दोष आहे. परंतु भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये माळशेज घाट चढत असेल तर इंजिन सुमारे २,४०० फेरे घेते. त्या वेळी क्लचने पूर्ण पकड घेतली असेल तर पंखाही तिप्पट वेगाने फिरतो व तिप्पट हवा ओढतो. अर्थात ही हवा फुकट मिळत नाही. पंख्याचा वेग दुप्पट केला तर त्याला लागणारी शक्ती आठपट होते व तिप्पट केला तर सत्तावीसपट. तरीही घाटात गाडीचा वेग कमी व इंजिनाची उष्णता सर्वाधिक असल्यामुळे ही शक्ती खर्च होणे योग्यच असते.

विजेच्या पंख्याची रीत उलट आहे. इंजिन मंद असो वा जलद, तो एकाच वेगाने फिरतो. खोळंब्यात तो पट्ट्यावरील पंख्यापेक्षा सरस ठरतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, त्यामुळे शक्ती वाया जात नाही. रस्त्यावर पाणी साचले असल्यास तो थांबविता येतो. परंतु घाटात इंजिनाची उष्णता कितीही वाढली तरी त्याचा वारा वाढत नाही.

यावरून मुख्य सूत्र असे निघते की, महापे येथील खोळंब्यात विजेचा पंखा उपयोगी पडतो व माळशेजच्या चढावर पट्ट्यावरील पंखा उपयोगी पडतो. माल घेऊन येताना गाडी घाट उतरते हे खरे; परंतु परतीच्या वाटेवर खताची किंवा पशुखाद्याची पोती भरून तीच गाडी सुमारे ७०० मीटर उंचीचा घाट चढते. एका वाटेचा विचार करून केलेला बदल दुसऱ्या वाटेवर अंगाशी येऊ नये, याची दक्षता घेतली पाहिजे.

प्रथम निदान, नंतर उपाय

जनावर आजारी पडल्यास लक्षणे पाहिल्याशिवाय औषध देत नाहीत. तोच नियम येथेही लागू करावा. वाहनधारकाने प्रथम आठ-दहा खेपांत गाडी केव्हा तापते याची नोंद ठेवावी व पुढीलप्रमाणे निर्णय घ्यावा.

१. गाडी उभी असताना किंवा खोळंब्यात तापते व मोकळ्या रस्त्याला लागताच थंड होते. येथे वाऱ्याची कमतरता आहे. पंखा, त्याचा क्लच, त्याभोवतीचे कवच व रेडिएटरची बाहेरील जाळी तपासावी.

२. मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा घाटात भरलेली असता तापते. येथे वारा पुरेसा असूनही उष्णता निघत नाही. रेडिएटर आतून चोंदलेला असणे, पट्टा सैल असणे, पाण्याचा पंप झिजणे, थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणे किंवा खालचा रबरी होज दबणे, यांपैकी काहीतरी कारण असते. विजेच्या पंख्याने या दोषांचे निवारण होत नाही.

३. पाणी वारंवार कमी होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, धूर पांढरा निघतो किंवा इंजिन तेल दुधाळ दिसते. येथे हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. गाडी त्वरित थांबवून मिस्त्रीस दाखवावी. पंख्याचा विचार येथे करूच नये.

बोअरवेलचे किंवा विहिरीचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये भरण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. अंघोळीचे पाणी तापविण्याच्या पातेल्यात जो पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. हा थर उष्णता अडवून धरतो. यास्तव क्षाररहित पाणी व कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. तसेच मळणीच्या दिवसांत गाडी खळ्यावर नेली जाते, तेव्हा भूस, धूळ व किडे रेडिएटरच्या जाळीत अडकतात. इंजिन थंड असताना आतील बाजूने बाहेरच्या बाजूस मंद दाबाने पाणी मारून जाळी धुवावी. जोरदार फवाऱ्याने जाळीचे पातळ पत्रे वाकतात.

पंख्याचा क्लच तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद व थंड असताना, किल्ली काढून घेऊन, पंखा हाताने ढकलावा. थोडा अडखळत फिरून थांबला तर ठीक. मोकळेपणाने अनेक फेरे घेत राहिला किंवा क्लचवर तेलकट डाग दिसले, तर क्लच निकामी झाला असे समजावे. पुष्कळदा केवळ क्लच बदलून व तुटलेले कवच पुन्हा बसवून खोळंब्यातील तापणे थांबते. कवच हा निरर्थक भाग समजून दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवण्यात येतो. ही मोठी चूक होय. कवच नसल्यास पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी स्वतःभोवतीचीच गरम हवा घुसळत राहतो.

तीन मार्ग

वाऱ्याचीच कमतरता आहे असे निश्चित झाल्यावर तीन मार्ग उरतात. पहिला मार्ग मूळची रचना पूर्ववत करण्याचा. यात क्लच, कवच, पट्टा व स्वच्छ रेडिएटर यांचा समावेश होतो. खर्च कमी व धोका नाही. प्रत्येकाने प्रथम हाच अवलंबावा.

दुसरा मार्ग पट्ट्यावरील पंखा तसाच ठेवून रेडिएटरच्या पुढील बाजूस एक लहान विजेचा पंखा साहाय्यक म्हणून लावण्याचा. खोळंब्यात हा साहाय्यक पंखा काम करतो व घाटात मूळचा पंखा काम करतो. तो बिघडला तरी गाडी अडून राहत नाही. घाट व शहर या दोन्ही वाटांवर चालणाऱ्या गाडीस हा मार्ग अधिक हितावह आहे. मात्र पुढील पंख्यामुळे धावत्या गाडीचा समोरचा वारा काहीसा अडतो, म्हणून पंखा मोजकाच मोठा असावा. पुढे इंटरकूलर किंवा वातानुकूलनाची जाळी असल्यास तिच्यासाठी जागा सोडावी.

तिसरा मार्ग पट्ट्यावरील पंखा काढून पूर्णपणे विजेवर जाण्याचा. गाडी सपाट मुलखात व शहरातच फिरत असेल, रेडिएटर उत्तम स्थितीत असेल व विजेचा हिशेब जमत असेल, तरच तो विचारात घ्यावा.

विजेचा हिशेब

पाटाला पाणी किती येते हे न पाहता लागवड वाढविणारा शेतकरी अडचणीत येतो. गाडीत विजेचा पाट म्हणजे अल्टरनेटर होय. पूर्ण रेडिएटर सांभाळणारा पंखा साधारणपणे २० अँपिअर प्रवाह घेतो असे धरू. अल्टरनेटर १३.५ व्होल्ट देत असता ही शक्ती २७० वॉट होते. पावसाळी रात्री खोळंब्यात उभ्या असलेल्या गाडीचा अंदाजे हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येईल.

समोरचे दोन दिवे: ११० वॉट
मागील व इतर लहान दिवे: ३० वॉट
वायपर: ६० वॉट
इंजिनाची विद्युत यंत्रणा: १०० वॉट
विजेचा पंखा: २७० वॉट
एकूण: ५७० वॉट

५७० ला १३.५ ने भागले असता सुमारे ४२ अँपिअर येतात. अल्टरनेटरवर ७० अँपिअर लिहिलेले असले तरी तो आकडा इंजिन जलद फिरत असतानाचा असतो. इंजिन मंद असता त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी मिळतात. समजा ३५ अँपिअर मिळाले, तर उरलेले ७ अँपिअर बॅटरीतून जातील. दोन तासांच्या खोळंब्यात १४ अँपिअर-तास खर्च होतील. चांगली बॅटरी हे सहन करील. जुनी बॅटरी मात्र बाजाराच्या दारात इंजिन बंद केल्यावर पुन्हा चालू करू शकणार नाही. म्हणून पंखा विकत घेण्यापूर्वी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरने गाडीचा प्रत्यक्ष प्रवाह मोजून घ्यावा. अंदाजाचे आकडे केवळ रीत समजण्यासाठी दिले आहेत.

डिझेलची मोठी बचत होईल या अपेक्षेने हा बदल करणे योग्य नाही. विजेच्या पंख्याची शक्तीही शेवटी इंजिनातूनच येते व अल्टरनेटरमध्ये तिचा काही भाग वाया जातो. क्लच चांगला असलेल्या गाडीत दोहोंतील फरक थोडाच असतो.

जोडणी करताना घ्यावयाची काळजी

हे काम जाणकार मिस्त्री व ऑटो इलेक्ट्रिशियन यांनीच करावे. वाहनधारकाने मात्र पुढील गोष्टी स्वतः पाहून घ्याव्यात.

१. पंख्याची बैठक रेडिएटरच्या चौकटीला पट्ट्या लावून पक्की करावी. जाळीतून प्लॅस्टिकच्या दोऱ्या ओवून पंखा बांधू नये. घाटरस्त्याच्या धक्क्यांनी त्या दोऱ्या घासून नळ्यांना भोके पडतात.

२. रेडिएटरच्या मागे बसविलेल्या पंख्यास संपूर्ण जाळी झाकणारे कवच असावे. अन्यथा पंख्याच्या पात्यांसमोरील वर्तुळातूनच हवा जाते व कोपरे निरुपयोगी राहतात.

३. हवेची दिशा तपासावी. पंखा चालू करून रेडिएटरच्या पुढील बाजूस कागदाचा कपटा धरावा. मागील पंखा बरोबर जोडला असेल तर कपटा जाळीस चिकटून राहील. तारा उलट जोडल्यास पंखा उलटा फिरतो, समोरच्या वाऱ्याला विरोध करतो व गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते.

४. पंख्याचा प्रवाह बटणातून सरळ नेऊ नये. ४० अँपिअरचा रिले वापरावा. २० अँपिअरच्या पंख्यासाठी निदान ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्यावी. बॅटरीच्या अगदी जवळ सुमारे ३० अँपिअरचा फ्यूज असावा. फ्यूज वारंवार जात असेल तर कारण शोधावे. त्याच्या जागी तार गुंडाळून काम भागविणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणे होय. अर्थ जोडणी रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर करावी.

५. पंखा आपोआप चालू करणारा उष्णता-स्विच इंजिनातून गरम पाणी बाहेर पडते त्या बाजूस बसवावा. त्याचा अंश थर्मोस्टॅटच्या अंशापेक्षा वरचा असावा. थर्मोस्टॅट ८२° से. ला उघडत असेल तर पंखा साधारण ९५° ला चालू व ९०° च्या आसपास बंद व्हावा. स्विच ८०° चा घेतल्यास पंखा कधीच थांबणार नाही व लवकर जळेल.

६. चालकाजवळ एक हातबटण व एक दिवा असावा. स्विच बिघडला तर बटणाने पंखा चालू करता येतो व दिव्यावरून तो चालू असल्याचे कळते.

७. पट्ट्यावरील पंखा काढला तरी पट्टा काढता येत नाही, कारण पाण्याचा पंप व अल्टरनेटर पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर चालतात. पंखा काढल्यावर जुने बोल्ट लांब पडतात व पुली सैल राहते. तेथे योग्य लांबीचे बोल्ट घालावेत. काढलेला पंखा, क्लच व बोल्ट जपून ठेवावेत.

८. दिनांक १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे असते. तिच्या मूळच्या तापमान-संवेदकाची तार कापू नये वा तिच्यातून फाटा काढू नये.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होतील असा फेरफार वाहनात करण्यास मनाई आहे. काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय, गाडीचे अधिकृत विक्रेते व विमा कंपनी यांना लेखी विचारणा करून उत्तर जवळ ठेवावे. हमीच्या मुदतीतील गाडीस हात लावू नये.

चाचणीचा क्रम

नवीन बियाणे प्रथम एका वाफ्यात लावून पाहतात. त्याचप्रमाणे नवीन पंख्याची परीक्षा भरलेल्या गाडीने व बाजाराच्या रात्री करू नये. पहिल्या दिवशी गाडी अंगणात उभी करून अर्धा तास इंजिन मंद चालू ठेवावे. दिवे व वायपर लावावेत. पंखा किती वेळा चालू-बंद होतो हे पाहावे व बॅटरीवरील व्होल्ट मोजावेत. १३ च्या वर राहिल्यास समाधानकारक, १२.६ च्या खाली जात असल्यास बॅटरी रिकामी होत आहे असे समजावे. दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी दुपारच्या उन्हात चालवावी. नंतर अर्धा भार घेऊन शिळफाट्याकडून पारसिकचा चढ चढून पाहावा. येथवर काटा स्थिर राहिला तरच पूर्ण भाराने घाट चढावा. त्या खेपेस पुढे काटा वाढू लागताच थांबण्याची तयारी ठेवावी.

पावसाळ्यापूर्वी जोडण्यांत पाणी शिरत नाही हे पाहावे. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभी राहत असल्यास उंदीर तारा कुरतडतात. आठवड्यातून एकदा तारांवरून नजर फिरवावी.

रस्त्यात गाडी तापल्यास

महापेच्या चढावर काटा लाल रेषेकडे जाऊ लागल्यास "बाजार आता जवळच आहे" असे म्हणून गाडी पुढे रेटण्याचा मोह होतो. हा मोह टाळावा. अर्ध्या तासाच्या विलंबाने एका खेपेचा भाव घटेल. गाडी रेटल्यास हेड गॅस्केट जाते, हेड वाकते किंवा इंजिन जाम होते, व संपूर्ण हंगामाचा नफा गॅरेजमध्ये जमा होतो.

गाडी डाव्या बाजूस सुरक्षित उभी करावी, धोक्याचे दिवे लावावेत व मागे त्रिकोण ठेवावा. काटा नुकताच चढू लागला असेल व पाणी शाबूत असेल तर इंजिन काही क्षण मंद चालू ठेवून पंख्याला काम करू द्यावे. वाफ निघत असेल किंवा पाणी गळत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. झाकणामुळे आत दाब राहतो. हा दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर अधिक असता पाणी १००° ऐवजी सुमारे १२०° से. ला उकळते. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो व तेच पाणी क्षणार्धात उकळून तोंडावर व हातांवर उडते. निदान अर्धा तास थांबावे. होज हाताला कोमट लागल्यावर जाड फडके धरून झाकण हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये, त्याने हेड किंवा ब्लॉक तडकतो. भाजल्यास त्या भागावर २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. नंतर रुग्णालयात जावे. विजेच्या पंख्याजवळ हात नेण्यापूर्वी किल्ली काढून घ्यावी, कारण काही जोडण्यांत इंजिन बंद असतानाही तो अकस्मात चालू होतो.

माल वाचविण्यासाठी गाडी थांबताच ताडपत्रीच्या बाजू उचलून ढिगात हवा खेळू द्यावी व गाडी शक्य तो सावलीत असावी.

आणखी एक इशारा शेतकऱ्यांस द्यावासा वाटतो. इथिलीन ग्लायकॉल असलेले कूलंट चवीस गोड परंतु विषारी असते. रेडिएटर धुताना काढलेले पाणी अंगणात, पाटात किंवा गुरांच्या पाणवठ्याजवळ सोडू नये. कुत्री व गुरे ते चाटतात व मरण पावतात. ते झाकणाच्या डब्यात भरून, डब्यावर नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे व गॅरेजमध्ये जमा करावे. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नये.

सारांश

विजेचा पंखा हे सर्व रोगांवरील औषध नव्हे. गाडी उभी असताना तापत असेल तर वारा कमी आहे; धावताना किंवा चढावर तापत असेल तर पाण्याच्या वाटेत दोष आहे. वारा कमी असल्यास प्रथम क्लच, कवच व जाळी दुरुस्त करावी. त्याने न भागल्यास मूळचा पंखा ठेवून साहाय्यक पंखा लावावा. घाट चढणाऱ्या गाडीचा पट्ट्यावरील पंखा काढण्याची घाई करू नये.

गावातील माल वाहणाऱ्या गाड्यांच्या मालकांना हंगामापूर्वी एकत्र बोलावून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी एका गाडीवर क्लचची, पट्ट्याची व कागदाच्या कपट्याची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. अशा एका तासाच्या प्रात्यक्षिकाने अनेक खेपांचा माल वाचू शकेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील गाड्या खोळंब्यात तापतात की घाटात? मागील उन्हाळ्यातील खेपांवरून सांगा.
२. पंख्याचे कवच काढून ठेवलेल्या गाड्या गावात किती आहेत?
३. रेडिएटरमध्ये कोणते पाणी भरले जाते? गावातील पाणी क्षारयुक्त आहे काय?
४. ३० अँपिअर मिळत असता ४२ अँपिअर खर्च झाले, तर तीन तासांत बॅटरीतून किती अँपिअर-तास जातील?
५. गरम रेडिएटरचे झाकण का उघडू नये, हे चालकास आपल्या शब्दांत समजावून द्या.